शहाण्णव सालची बारोलो

चारुदत्त खराड्यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. साल अठ्ठ्याण्णव, जागा चँडलरमधल्या आमच्या जुन्या अपार्टमेंटची लाँड्री रूम. मी कपडे ड्रायरमध्ये टाकून मासिक चाळत बसले होते. एक उंच, किडकिडीत माणूस दारात आला, थबकला, आणि ओळखदेख नसताना म्हणाला, "वहिनी, तुमच्या मशीनचा पट्टा जळतोय. बंद करा." मला ना धूर दिसत होता ना कसला वास येत होता. मी नागपूरची, फुकटचे सल्ले मला पचत नाहीत. "तुम्हाला मशीन हवं असेल तर रांगेत थांबा, कारणं सांगू नका," मी म्हणाले. दहा मिनिटांत ड्रायरमधून धूर निघाला आणि माझ्या दोन नव्या चादरी कामातून गेल्या. खराडे तिथेच उभे होते. 'बघा, मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत. तेव्हापासून मी त्यांना मानते.

माणूस अगदी साधा. चिप बनवणाऱ्या फॅक्टरीत प्रोसेस इंजिनिअर, मूळचे तासगावचे. वडील शाळामास्तर, पण खरा जीव चार एकर द्राक्षबागेत. त्यांनी या मुलाला अक्षरओळखीच्या आधी बागेची ओळख करून दिली. सकाळी ऊन चढायच्या आत पानांच्या खाली डोकं घालायचं आणि वास घ्यायचा. वेलीवर भुरीची बुरशी येणार असेल तर डोळ्यांना दिसण्याआधी दोन दिवस कुबट वास येतो, म्हणे. खराड्यांच्या नाकाला ती सवय लागली ती कायमची. आमच्याकडे जेवायला आले की दारातूनच सांगायचे, "वहिनी, आज कढीपत्ता दुसऱ्या दुकानातला दिसतोय." मला राग यायचा, कारण ते बरोबर असायचं.

त्यांची बायको अहिल्या मिरजेची. अबोल, कामसू, आणि मनात धरून ठेवणारी. त्यांची मुलगी अनया शहाण्णव सालची. ती चार वर्षांची असताना, म्हणजे दोन हजार साली, खराड्यांना कंपनीने इटलीला पाठवलं. त्यांच्या फॅक्टरीसाठी काही मशीन तुरिनच्या दक्षिणेला एका छोट्या कारखान्यात बनत होती, त्यांची तपासणी करायची होती. तीन महिन्यांसाठी म्हणून गेले. तिनाचे सहा झाले, सहाचे बारा, आणि करता करता दीड वर्ष झालं.

या दीड वर्षाच्या दोन गोष्टी आहेत. एक खराड्यांची आणि एक अहिल्येची. खराड्यांची गोष्ट आमच्या ओळखीतल्या प्रत्येक माणसाने निदान पाच वेळा ऐकली आहे. अहिल्येची फक्त मला माहीत आहे, कारण मी ती पाहिली.

आधी त्यांची सांगते. ते राहायचे त्या भागाला लांगे म्हणतात. डोंगर म्हणावेत इतके उंच नाहीत, टेकड्याच, पण एकामागे एक, आणि प्रत्येक टेकडीच्या अंगावर वेलींच्या ओळी. उतारांच्या तळाशी हेझलनटची झाडं, माथ्यावर एखादं गाव आणि चर्चचा मनोरा. ऑक्टोबर लागला की खालच्या दऱ्यांत धुकं भरतं आणि गावं तेवढी वर तरंगत राहतात. सगळी द्राक्षं काढून झाली तरी एक जात वेलीवरच असते, नेब्बिओलो. तिची साल पातळ, रंग फिका, आणि पिकायला सगळ्यात उशीर. लोक धुक्यात, हात गारठलेले असताना ती तोडतात. तिच्यापासून बारोलो नावाची वाइन करतात. ती तीन वर्षांच्या वर तळघरात ठेवावी लागते, त्यातली निदान दीड वर्षं लाकडी पिंपात, मगच विकायला निघते. विकत घेणाऱ्यानेही ती लगेच प्यायची नाही.

पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी खराडे फिरायला निघाले, तर एक म्हातारा बर्फात उभा राहून छाटणी करत होता. खराडे कुंपणाशी थांबले. अर्धा तास बघत राहिले. शेवटी न राहवून आत गेले, हात पुढे केला, आणि म्हाताऱ्याने कात्री दिली. हा सिन्योर जाकोमो. खराड्यांचं इटालियन तेव्हा 'नमस्कार' आणि 'पाणी' एवढंच होतं, पण काडीवरचा कुठला डोळा ठेवायचा आणि ती कुठे कापायची याला भाषा लागत नाही. पुढे बोलता येऊ लागलं तेव्हा खराड्यांनी त्याला सांगितलं, आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी. जाकोमोचा विश्वास बसेना. "मग तुमची वेल झोपते कधी?" त्याने विचारलं. खराडे म्हणाले, "झोपत नाही. आम्ही झोपू देत नाही." म्हातारा खूप वेळ मान हलवत राहिला म्हणे. मला वाटतं, हे सांगताना खराड्यांना वडील आठवत असावेत.

इटलीहून परत निघताना जाकोमोने विचारलं, मुलगी कुठल्या सालची? शहाण्णव म्हटल्यावर म्हातारा उठला आणि तळघरातून सहा बाटल्या घेऊन आला. त्या गावांत घरात मूल जन्मलं की त्या सालची वाइन बाजूला काढून ठेवतात, मूल मोठं झाल्यावर उघडायला. शहाण्णव तर फारच चांगलं साल होतं. त्याने बजावलं, दहा वर्षं हात लावू नकोस. पंचवीस वर्षांनी उघडलीस तर मला दुवा देशील.

आता अहिल्येचं. ती तेव्हा ड्रायव्हिंग करत नव्हती. चँडलरमध्ये गाडी न चालवणाऱ्या बाईला घर म्हणजे कोंडवाडा. उन्हाळ्यात एकशेबारा डिग्री फॅरनहाइट, बसचा थांबा दीड मैल दूर, कडेवर तापलेली मुलगी. एकदा अनयाला घेऊन ती दवाखान्यात चालत निघाली, तेव्हा मी वाटेत तिला गाडीत घेतलं आणि रागाने म्हणाले, "उद्यापासून शिकायचं. रडायचं नाही." मी तिला चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये दोन महिने गाडी शिकवली. खराड्यांचा दर रविवारी कॉलिंग कार्डवरून फोन यायचा. मी कितीदा तरी तिथे असायचे. पलीकडून ते तासभर बोलायचे, आणि ही फोन कानाला लावून नुसती "हं" म्हणायची. ठेवला की मला म्हणायची, "मजेत आहेत." त्या दोन शब्दांत काय काय होतं ते मी ऐकत होते.

खराडे परत आले, पण इटलीबद्दल त्या घरात अहिल्येने कधी एक प्रश्न विचारला नाही. ते पाहुण्यांना सांगायला लागले की ती उठून स्वयंपाकघरात जायची. दोन हजार सहा साली, दहा वर्षं झाली म्हणून त्यांनी आम्हाला बोलावून पहिली बाटली उघडली, तेव्हाही ती आत भजी तळत राहिली. ती बाटली मला मुळीच आवडली नाही. कच्ची सुपारी चावल्यासारखं तोंड आवळून आलं. माझा नवरा संजय तर म्हणाला, "यार, हिला काय झालंय?" खराडे हसले. "काही नाही, लहान आहे अजून."

दोन वर्षांनी संजयला सिटिझनशिप मिळाली, त्या पार्टीला खराड्यांनी एक बाटली भेट आणली. संजयचे मित्र वाइनमध्ये स्प्राइट घालून पिणारे. मी ती बाटली गुपचूप जिन्याखालच्या कपाटात ढकलली, तांदळाच्या पोत्यामागे. नवऱ्याने आठवडाभर शोधली.

आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते झालं. खराडे मंडळी सहा आठवडे भारतात गेली. जाताना आपल्या माणसांनी जे करायचं तेच केलं. गॅस बंद, नळ बंद, आणि घरात कुणी नाही मग कशाला म्हणून एसीही बंद. चिपच्या फॅक्टरीत अर्ध्या डिग्रीसाठी रात्रंदिवस जागणारा माणूस, जून महिन्यात, वाळवंटात घराचा एसी बंद करून गेला. परत येऊन दार उघडलं तर घर भट्टी झालेलं. चारही बाटल्यांची बुचं वर सरकलेली, वाइन उकडून बाहेर आलेली, आणि कपाटातली अहिल्येची आईने दिलेली इरकल लाल डागांनी भरलेली. खराडे आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मी गाढव आहे." मी नाही म्हणाले नाही. फक्त कपाट उघडून दाखवलं.

ती बाटली पाहून त्यांचे डोळे भरून आले. "तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "तुमच्याकडे सासूबाई असतात, एसी कधी बंद होत नाही." मी ती आडवी करून बुटांच्या खोक्यात ठेवली. पुढची बारा वर्षं हा माणूस दर महिन्याला काही ना काही निमित्त काढून यायचा. कधी ड्रिल मशीन हवं, कधी लिंबं द्यायची. चहा व्हायचा, मग जिन्याकडे बघत म्हणायचा, "बरी आहे ना ती?" सासूबाई मला विचारायच्या, यांचं कोण राहतं आपल्या कपाटात?

दोन हजार एकवीसमध्ये अनया पंचवीसची होणार होती आणि बाटली उघडायचं ठरलं होतं. त्याच जानेवारीत खराड्यांना कोविड झाला. दहा दिवसांत ताप गेला आणि त्याबरोबर वासही गेला. पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. त्यांनी फोडणी टाकली, ती जळून काळी झाली, घरभर धूर झाला, आणि ते तिथेच उभे राहून फोनवर बोलत होते. अहिल्या धावत आली तेव्हा तिला कळलं.

डॉक्टरांनी व्यायाम दिला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा हुंगायचं आणि तो वास आठवायचा. अहिल्येने चार छोट्या बरण्या केल्या. सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसायची, त्यांना डोळे मिटायला लावायची आणि एकेक बरणी नाकाशी धरायची. सहा महिन्यांनी खराडे सांगू लागले, येतंय, थोडं थोडं येतंय. लवंग तर स्पष्ट येते. एके दिवशी तिने चारही बरण्या रिकाम्या करून धुतल्या आणि त्यांत साखर भरली. त्यांनी नेहमीच्या क्रमाने सांगितलं, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. तिने काही दाखवलं नाही. दुपारी माझ्याकडे येऊन रडली. "मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतात हो, शोभनाताई," ती म्हणाली. तेवीस वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

बाटली लांबणीवर पडत गेली. पुढच्या दिवाळीला बघू, वास परत आला की बघू. खराडे येईनासे झाले. शेवटी परवाच्या ऑक्टोबरमध्ये एकदा आले, चहा नको म्हणाले आणि जिन्याकडे न बघता बोलले, "वहिनी, ती बाटली तुम्ही आणि संजयने उघडा. वाइन काही कायम थांबत नाही, आता उतरायला लागेल. मला तर पाणी आणि ती सारखीच. मला ती टेकड्यांची जागा परत एकदा हवी होती हो, बाकी काही नाही. फोटोत ती येत नाही."

माझं डोकं सटकलं. "मी काय तुमची राखणदार म्हणून पंधरा वर्षं बसले होते का, आणि शेवटी मीच प्यायची?" असं बरंच बोलले. ते ऐकून घेऊन निघून गेले. मला इतकं वाईट वाटलं की मी तशीच अहिल्येला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी "हं" म्हणाली. मग म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला अनया येतेय. दुसऱ्या दिवशी दुपारी घेऊन या. मी उघडते."

खराड्यांना कळल्यावर त्यांनी तीन दिवस माझं डोकं खाल्लं. बाटली आजच उभी करा, तळाशी गाळ बसू दे. हलवू नका. आणताना खड्डे चुकवा. संजय बाटली तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन बसला आणि मी ताशी वीस मैलांनी गाडी चालवत गेले. मागून सगळे हॉर्न मारत होते.

टेबलाभोवती आम्ही पाच जण. अहिल्येने पदर खोचला आणि बुचात स्क्रू घातला. अठ्ठावीस वर्षांची वाइन, बूच जुनं, ते मधोमध तुटलं आणि निम्मं आत पडलं. "मॉम, इट्स ओके, गाळून घे," अनया म्हणाली. अहिल्येने श्रीखंडासाठीचं मलमलचं फडकं गरम पाण्यात नुसतं खळबळून पिळलं. खराड्यांच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते पाहून मी तोंड फिरवलं. वाइन गाळून काचेच्या भांड्यात पडली. लाल नव्हतीच ती. कडेला विटकरी, मध्ये जुन्या माणकासारखी, आणि इतकी पातळ की पलीकडची खिडकी दिसावी.

अहिल्येने ग्लास उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. नाकाशी नेला. खराडे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ओल्या गोणपाटाचा वास येतोय," ती म्हणाली. "खराब झाली का?"

"नाही, नाही. थांब. इतकी वर्षं कोंडली होती, तासभर श्वास घेऊ दे."

तासभर थांबलो. अनया मोबाइल बघत होती, संजय टीव्हीवरची मॅच. अहिल्या मात्र उठली नाही, स्वयंपाकघरातही गेली नाही. मग तिने पुन्हा ग्लास घेतला, डोळे मिटले. खराड्यांनीही मिटले. सकाळ-संध्याकाळ बरण्या घेऊन बसायची तशीच ती त्यांच्यासमोर बसली होती, फक्त या वेळी वास घेणारी ती होती.

"गुलाब," ती म्हणाली. "ताजा नाही. देवाला वाहिलेला, दुसऱ्या दिवशीचा." थोडं थांबली. "डांबर. नवा रस्ता करतात ना, तेव्हाचं. लांबून येतं तसं."

"डांबर? नक्की?"

"नक्की. आणि ज्येष्ठमध. नवी कोल्हापुरी चप्पल, तेल लावलेली. आणि... बेदाणा. शेडमध्ये वाळत घातलेला असतो, आणि दार बंद असतं ना, तेव्हा उघडल्या उघडल्या येतो तो."

खराड्यांचे ओठ हलत होते. ते एकेक शब्द स्वतःशी पुन्हा म्हणत होते. मग त्यांनी आपल्या ग्लासमधून घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि म्हणाले, "तुरट लागतेय. तेवढं कळतंय मला. दहा वर्षांची होती तेव्हा ओरबाडत होती. आता मऊ झालीय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मीही घोट घेतला. ही तीच वाइन आहे असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

अहिल्येने ग्लास खाली ठेवला. "तिकडे तुम्ही मजेत होतात," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

मी संजयला टेबलाखालून पाय मारला, मधे बोलू नये म्हणून. आता हे काहीतरी सावरून घेतील असं मला वाटलं. नाही गं, तुमची आठवण यायची, असं काहीतरी.

"होतो," खराडे म्हणाले. "तू इकडे त्या उन्हात, आणि मी तिकडे मजेत होतो. खोटं कशाला बोलू."

"मग सांगा."

"काय?"

"काय काय होतं तिकडे ते. पहिल्यापासून सांगा."

तेवीस वर्षांत तिने पहिल्यांदा विचारलं होतं. खराडे गडबडले. शंभर लोकांना सांगितलेली गोष्ट त्यांना कुठून सुरू करायची ते कळेना. धुकं म्हणाले, मग बर्फ म्हणाले, मग म्हणाले, "जाकोमोबरोबर पहाटे जंगलात जायचो, जमिनीखालचे महागडे मश्रूम, ट्रफल, शोधायला. त्याची एक कुत्री होती, पांढरी, एका कानावर तपकिरी ठिपका. तिला वास आला की ती उकरायला लागायची. काय बरं नाव तिचं... बघ, विसरलो."

"फ्रिदा," अहिल्या म्हणाली.

खराडे बघतच राहिले. "तुला कसं माहीत? मी हे कुणालाच सांगितलेलं नाही."

"फोनवर सांगितलं होतंत. मार्चमध्ये." तिने त्यांच्या ग्लासमध्ये थोडी वाइन ओतली. "मी बोलत नव्हते. ऐकत होते."